नायट्रोजन, चुंबक आणि पाव टक्का: सेन्फ्टलेबेन-बेनाकर इफेक्टची पार्श्वभूमी

कॉलेजात कायनेटिक थिअरी शिकवतात तेव्हा गॅसचे रेणू म्हणजे गोट्या, सगळ्या गोल, सगळ्या सारख्या, भिंतीवर आपटतायत, एकमेकींवर आपटतायत, झालं. मग कुणीतरी विचारतं की सर नायट्रोजन तर दोन अणूंचा, तो गोल कसा, आणि उत्तर येतं की सध्या गोलच धरा. हे "सध्या" फिजिक्समध्ये बरंच लांबलं, आणि ते मोडायला शेवटी एक चुंबक लागला. त्याचीच ही गोष्ट: चुंबकीय फील्ड लावलं की गॅसचं उष्णतावहन आणि विस्कॉसिटी (म्हणजे वाहण्याला होणारा गॅसचा आतला विरोध) किंचित बदलते, आणि यालाच आज सेन्फ्टलेबेन-बेनाकर इफेक्ट म्हणतात.

रेणू स्वतःभोवती फिरतो हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. १८६० मध्ये मॅक्सवेलनेच रेणू फिरतो असं धरून गॅसच्या दोन विशिष्ट उष्णतांचं (एक दाब स्थिर ठेवून, एक आकारमान स्थिर ठेवून) गुणोत्तर काढलं, ते आलं १.३३३, आणि हवेचं मोजलेलं होतं १.४०८, आणि हे जुळत नाही म्हणून तो चांगलाच वैतागला होता. याच मॅक्सवेलने पुढे लंडनमध्ये केन्सिंग्टनच्या घरात माळ्यावर हवेची विस्कॉसिटी मोजली, बायको कॅथरीन शेगडी पेटती ठेवून आणि किटलीची वाफ सोडून खोलीचं तापमान सांभाळायची, आणि विस्कॉसिटी दाबावर अवलंबून नाही हे त्याचं स्वतःचं विचित्र वाटणारं भाकीत खरं निघालं. १.३३३ चं कोडं १८७६ मध्ये बोल्ट्झमनने सोडवलं: डंबेलसारखा रेणू धरा, लांबीच्या आसाभोवतीचं फिरणं हिशेबात घेऊ नका, म्हणजे १.४ येतं. १९१३ मध्ये ऑयकेनने उष्णतावहनासाठी दुरुस्ती सुचवली, की रेणूच्या पळण्यातली एनर्जी लवकर पोचते कारण जोरात पळणारा लांब जातो, पण फिरण्यातली एनर्जी नुसती सामानासारखी बरोबर येते.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. फिरणं म्हणजे एक खिसा, आणि खिशात किती एनर्जी आहे एवढंच विचारायचं. आस कुठल्या दिशेला आहे हे कुणी विचारतच नव्हतं, कारण गॅसमध्ये सगळ्या दिशा सारख्याच असणार हे गृहीत होतं. माझ्या मते पुढची सगळी भानगड या गृहीतकाची आहे.

एनर्जीच्या खिशाचाही एक मस्त उपप्रश्न होता, तो म्हणजे खिसा रिकामा व्हायला वेळ किती लागतो. यालाच रोटेशनल रिलॅक्सेशन म्हणायचं. गॅस पटकन दाबला की पळण्याची एनर्जी लगेच वाढते, पण फिरण्यापर्यंत ती पोचायला काही टकरी लागतात, आणि आवाजाची फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की एका टप्प्याला फिरणं मागे पडतं, आवाजाचा वेग बदलतो, तो जास्त शोषला जातो. नायट्रोजनला साध्या तापमानाला चार-पाच टकरी पुरतात. हायड्रोजनला मात्र तीनशेच्या आसपास, कारण तो इतका हलका की त्याच्या फिरण्याच्या पायऱ्या फार उंच उंच आहेत, किरकोळ टकरीत पायरी चढता येत नाही. पण हा हिशेबसुद्धा "किती" चाच, "कुठे" चा नाही.

"कुठे" हा प्रश्न १९३० मध्ये जवळजवळ अपघाताने आला. जर्मनीत हेरमान सेन्फ्टलेबेनने ऑक्सिजनमध्ये तापलेली तार ठेवली आणि चुंबकीय फील्ड लावलं, तर ऑक्सिजनचं उष्णतावहन किंचित कमी झालं. किंचित म्हणजे एक टक्क्याच्याही आत. पण ते ठरलेल्या पद्धतीने कमी होत होतं, फील्ड वाढवा तसं कमी, आणि मग एका ठिकाणी थांबायचं, त्यापुढे कितीही फील्ड लावा. आणि मुख्य गोष्ट म्हणजे नुसतं फील्ड महत्त्वाचं नव्हतं, फील्ड भागिले दाब महत्त्वाचं होतं. दाब दुप्पट केला तर तेवढाच परिणाम मिळायला फील्डही दुप्पट लागायचं. दोनेक वर्षांत एंगेलहार्ट आणि झाक यांनी ऑक्सिजनच्या विस्कॉसिटीतही तेच दाखवलं.

आता ऑक्सिजन पॅरामॅग्नेटिक, त्यात दोन इलेक्ट्रॉन जोडीशिवाय असतात, द्रव ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो हे सगळ्यांना माहीत. म्हणून सगळ्यांनी ठरवलं की हा "चुंबकीय गॅस"चा इफेक्ट आहे. लेबल लागलं की संपलं.

१९३८ मध्ये गॉर्टर या डच फिजिसिस्टने याचं एक छान स्पष्टीकरण दिलं, आणि १९३९ मध्ये झेर्निके (हाच पुढे फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपसाठी नोबेल मिळालेला) आणि व्हान लीर यांनी त्याचं गणित केलं. कल्पना अशी: दोन अणूंचा रेणू गरगर फिरतो तेव्हा तो थाळीसारखा दिसतो. थाळी धारेवर पुढे गेली तर तिच्या वाटेत कमी रेणू येतात, पसरट बाजू पुढे करून गेली तर जास्त. फील्ड नसेल तर दोन टकरींच्या मधे आस स्थिर असतो, म्हणजे काही थाळ्या नशीबवान, लांब जातात, काही लगेच आपटतात. फील्ड लावलं की आस डुलायला लागतो, भोवरा मंदावल्यावर डुलतो तसा, आणि प्रत्येक थाळी वाटेत कधी धारेवर कधी पसरट, सगळ्यांना सरासरी आडवा आकार मिळतो.

मग उष्णतावहन आणि विस्कॉसिटी कमीच का होते, वाढत का नाही? इथे गणित अगदी छोटं आहे. समजा अर्ध्या थाळ्यांचा आडवा आकार १ आणि अर्ध्यांचा ३. रेणू किती लांब जातो ते आकाराच्या उलट, म्हणजे १ आणि एक तृतीयांश, सरासरी ०.६७. आता फील्ड लावून सगळ्यांचा आकार सरासरी २ केला, तर प्रत्येकजण जाणार ०.५. नशीबवानांचं जेवढं नुकसान होतं तेवढा कमनशिबींचा फायदा होत नाही. खऱ्या रेणूत १ आणि ३ इतका फरक नसतो म्हणून परिणाम टक्क्याच्या आत, पण दिशा तीच. (पुढे कळलं की चित्र याहून गुंतागुंतीचं आहे, पण मला अजून हेच सगळ्यात आवडतं.)

आता बघा, या स्पष्टीकरणात ऑक्सिजनच पाहिजे असं कुठे आहे? पाहिजे ते एवढंच की आस दोन टकरींच्या मधे पुरेसा डुलला पाहिजे. नायट्रोजनमध्ये सुट्टे इलेक्ट्रॉन नाहीत, पण तो फिरतो, फिरताना त्याचे चार्ज फिरतात, आणि फिरणारा चार्ज म्हणजे बारीकसा चुंबक. हे काही गुपित नव्हतं, १९३३ मध्येच हॅम्बुर्गला स्टर्न आणि मंडळींनी हायड्रोजन रेणूच्या फिरण्याचा चुंबकीय मोमेंट (म्हणजे त्या बारीक चुंबकाची ताकद) मोजला होता. तो इलेक्ट्रॉनच्या मोमेंटपेक्षा हजार-दोन हजार पट लहान, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण उपाय तर सेन्फ्टलेबेनच्या स्वतःच्या आकड्यांतच होता: फील्ड हजारपट वाढवता येत नसेल तर दाब कमी करा!

हिशेब करून बघू. नायट्रोजनला १ टेस्ला फील्ड लावलं तर आस सेकंदाला साधारण २० लाख वेळा डुलतो. दाब १ टॉर, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा ७६० वा भाग, असेल तर एका रेणूच्या सेकंदाला साधारण ९० लाख टकरी. म्हणजे दोन टकरींच्या मधे पाव फेरीच्या आसपास, आणि तेवढं पुरतं. तेच वातावरणाच्या दाबाला करायचं म्हटलं तर शेकडो टेस्ला लागतील, म्हणून आपल्याला हवेत हे कधी दिसत नाही. १ टेस्लाचा चुंबक आणि व्हॅक्यूम पंप १९३० च्या दशकातही होते. तरी ३२ वर्षं गेली.

मधल्या काळात थिअरीवाले मात्र हळूहळू तिकडे सरकत होते. १९५१ मध्ये वांग चांग आणि उलेनबेक यांनी फिरणाऱ्या रेणूंसाठी बोल्ट्झमन समीकरण (टकरींमुळे गॅसच्या रेणूंची वाटणी कशी बदलते ते सांगणारं) लिहिलं, पण पुन्हा खिसाच, दिशा नाही. १९५७ मध्ये वाल्डमान आणि १९६० मध्ये स्नायडर यांनी दिशेसकट क्वांटम समीकरण मांडलं. आणि १९६१ च्या सुमारास मॉस्कोत यूरी कागान आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की गॅसमध्ये प्रवाह किंवा तापमानाचा उतार असला की टकरी स्वतःच रेणूंचे आस थोडे एका बाजूला वळवतात. म्हणजे सगळ्या दिशा सारख्या हे गृहीतकच चूक, स्थिर गॅसमध्ये ते बरोबर, वाहत्या गॅसमध्ये नाही. फील्ड हे वळण विस्कटतं, आणि विस्कॉसिटी बदलते. यात फील्ड रेणूंना एनर्जी देतच नाही, फक्त दिशा फिरवतं, म्हणून खिशाकडे बघणाऱ्यांना ते कधी दिसणारच नव्हतं.

आणि मग १९६२. नेदरलँड्समधल्या लायडनची कामरलिंग ऑनेस लॅब, जिथे १९०८ मध्ये हेलियम द्रव झाला आणि १९११ मध्ये सुपरकंडक्टिव्हिटी सापडली. तिथे यान बेनाकर, इटलीहून आलेला जाचिंतो स्कोलेस, क्नाप आणि योंकमन यांनी नायट्रोजनसारख्या अजिबात "चुंबकीय" नसलेल्या गॅसला फील्ड लावलं. विस्कॉसिटीसाठी लायडनची युक्ती म्हणजे बारीक नळ्यांचा व्हीटस्टन ब्रिज (विजेचे रोध तोलून मोजायची चार फांद्यांची जोडणी), करंटच्या जागी गॅस वाहतो, एक नळी चुंबकाच्या पोलमध्ये, आणि तोल बिघडला की मधला मॅनोमीटर (दाबाचा फरक मोजणारं यंत्र) सांगतो. नायट्रोजनची विस्कॉसिटी उतरली, जास्तीत जास्त पाव टक्क्याच्या थोडी वर. दोन वर्षांनी सोव्हिएत युनियनमध्ये गोरेलिक आणि सिनित्सिन यांनी अशाच गॅसेसच्या उष्णतावहनात तेच दाखवलं. गॉर्टर तेव्हा लायडनमध्येच प्रोफेसर होता हे सांगायलाच हवं, हाच गॉर्टर ज्याने १९३६ आणि १९४२ मध्ये एनएमआर (अणुकेंद्रांचा चुंबकीय रेझोनन्स) शोधायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकला. काही लोकांचं नशीबच तसं असतं, थाळी पसरट.

एकदा दार उघडल्यावर धो धो रिझल्ट आले. १९६६ मध्ये कोर्विंग आणि मंडळींनी दाखवलं की चपट्या नळीतून गॅस सोडला आणि फील्ड लावलं तर प्रवाहाला आडव्या दिशेने दाबाचा फरक तयार होतो. हॉल इफेक्टसारखंच (फील्डमध्ये करंटला आडवा व्होल्टेज येतो तो), पण गॅस न्यूट्रल, चार्ज वाहतच नाहीये! उष्णतेचंही तसंच, ती थोडी आडवी सरकते. फील्ड उलटं केलं की हा आडवा परिणाम उलटतो, त्यामुळे रेणूचा मोमेंट फिरण्याच्या दिशेने आहे की विरुद्ध हे थेट कळतं. हायड्रोजनमध्ये प्रोटॉनचं पारडं जड, चिन्ह अधिक, नायट्रोजनमध्ये इलेक्ट्रॉनचं, चिन्ह उणे. साधी नळी आणि मॅनोमीटर घेऊन रेणूच्या आतल्या चार्जचं चिन्ह काढायचं, याहून भारी काय असणार.

१९६७ चा किस्सा तर वेगळाच. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रिसर्च लॅबमध्ये स्कॉट आणि सहकारी टांगलेल्या सिलिंडरवर लोखंडासारख्या धातूंचं चुंबकत्व आणि फिरणं यांचं नातं मोजत होते, आणि एक टॉर्क (फिरवणारा जोर) येत होता जो यायलाच नको होता. गुन्हेगार निघाला आजूबाजूचा विरळ गॅस. सिलिंडर थोडा गरम, उष्णता बाहेर जातेय, फील्ड सिलिंडरच्या आसाच्या दिशेने, आणि रेणू ती थोडी आडवी वळवून सिलिंडरलाच फिरवतायत. इतरांनी असा टॉर्क "एरर" म्हणून फाइलमध्ये टाकला असता, यांनी छापला, आणि त्याच वर्षी लेव्ही आणि बेनाकर यांनी तो याच इफेक्टशी जोडला.

या सगळ्याचा रिलॅक्सेशनला फायदा असा झाला की आता दोन वेगळी घड्याळं मिळाली. आवाज सांगतो की एनर्जी किती टकरींत बदलते, आणि फील्डचा परिणाम जास्तीत जास्तच्या अर्ध्यावर पोचतो तिथला फील्ड भागिले दाबाचा आकडा सांगतो की आस किती टकरींत वळतो. दोन्ही एकच नाहीत, कारण टक्कर फिरण्याचा वेग न बदलता नुसता आस वळवू शकते. दोन रेणूंमधल्या बलाला गोलपणा सोडून आणखी कसा आकार आहे हे तपासायला ही जोडी फार कडक परीक्षा ठरली.

आज हा विषय अभ्यासक्रमात क्वचित दिसतो. पण २००५ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला स्ट्रोम, रिकेन आणि विडर यांनी एका क्रिस्टलमध्ये फील्ड लावल्यावर उष्णता आडवी सरकताना पाहिली, आणि "ऑड विस्कॉसिटी" (फील्ड उलटलं की चिन्ह उलटणारी आडवी विस्कॉसिटी) हा शब्द १९९८ पासून एकेक करत सगळ्या परिषदांमध्ये पोचला, फिरणाऱ्या कणांचे द्रव वगैरे. त्यातली आडवी विस्कॉसिटी कोर्विंगने साध्या नायट्रोजनमध्ये १९६६ लाच मोजून ठेवली होती.