घरपट्टी भरली म्हणजे परवानगी मिळाली?

'देवळाला, समाजमंदिराला घरपट्टी लागली की बांधकाम अधिकृत झालं.' सोलापुरात हे वर्षानुवर्षं फिरतंय. शिक्क्याची पावती हातात असली की तसं वाटणारच म्हणा.

पण कर आकारणी उभ्या इमारतीवर होते. परवानगी आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ नुसार विनापरवाना बांधकामावर शास्ती, म्हणजे दंड, लागते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. परवानगीचा कायदा निराळा, 1966 चा नगररचना अधिनियम.

आधी बिलावर 'शास्ती'चा रकाना पाहा. मग सर्व्हे नंबर घेऊन नगररचना विभागातून झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या वापराच्या विभागात येते त्याचा दाखला, काढा. जागा रहिवासी विभागात आहे की लेआउटमध्ये (प्लॉट पाडलेल्या आराखड्यात) सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या जागेत, यावर बरंच ठरतं. बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेली इमारत वापरायची परवानगी) विश्वस्तांकडे मागा.