ईसीजी नॉर्मल, मग चक्कर कशाने आली?

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: 'ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाची काळजी मिटली.'

तो का अपुरा आहे, हे हातातल्या कागदावरच पाहता येतं. कागद साधारणपणे सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकतो. वेग कडेला छापलेला असतो. सगळ्यात खालची लांब नोंद फूटपट्टीने मोजा. ती बहुधा 25 सेंटीमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे जेमतेम 10 सेकंद. दिवसात 86,400 सेकंद असतात.

एक बारीक चौकोन म्हणजे 0.04 सेकंद. छोटा पहिला उंचवटा सुरू होतो तिथपासून उंच टोकदार लाटेच्या सुरुवातीपर्यंत 3 ते 5 चौकोन भरले, तर हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली विजेचा संदेश वेळेत पोचतोय. पाचाहून जास्त म्हणजे उशीर. टोकदार लाटच 3 चौकोन किंवा त्याहून रुंद असेल, तर खालच्या कप्प्यांत संदेश रेंगाळतोय. (निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.)

पण संदेशातला हा अडथळा येऊन-जाऊन असू शकतो. पहाटे दोन-तीन ठोके गळून चक्कर आली आणि सकाळी दहाला ईसीजी काढला, तर कागदावर काय दिसणार? म्हणून शुद्ध हरपली असेल, तर डॉक्टर 24 तास किंवा जास्त वेळ होल्टर (अंगावर बाळगायचं, ईसीजी सतत नोंदवणारं छोटं यंत्र) लावतात.

छातीत दुखत असेल तेव्हाही पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. अशा वेळी तो पुन्हा काढतात, सोबत ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करतात. तेव्हा पहिला कागद घेऊन घरी निघू नका.