करमत नाही : सुटलेल्या कामांचा माग

मराठवाड्यात ‘मला नैराश्य आलंय’ असं क्वचितच कुणी म्हणतं. ‘करमत नाही’, ‘कशात जीव लागत नाही’ असंच म्हणतात. सोयाबीन हातचं गेलं की माणसाचं एकेक काम सुटत जातं: आधी पारावर बसणं, मग काकड्याला जाणं, दाढी, शेवटी आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरची, चक्कर. मन खचलं म्हणून काम सुटलं, असं घरचे समजतात. ते अर्धंच खरं. काम सुटल्यानंही मन खचतं.

हे दुसरं अर्धं १९७०च्या दशकात अमेरिकेत नीट मांडलं गेलं. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फर्स्टर यांनी, आणि त्याच सुमारास ओरेगॉनमध्ये पीटर लेविन्सोन यांनी. बरं वाटायला लावणाऱ्या गोष्टी कमी झाल्या की हालचाल मंदावते; ती मंदावली की अशा गोष्टी आणखी कमी वाट्याला येतात. १९९६ साली मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी सुमारे दीडशे रुग्णांवर पारख केली. त्या काळी विचार तपासून बदलण्याच्या उपचाराचं मोठं नाव होतं. त्यांनी त्यातला एकच भाग, सुटलेली कामं दिनक्रमात परत आणण्याचा, वेगळा काढून दिला. गुण पूर्ण उपचाराइतकाच आला.

आपल्यासाठी त्याहून मोलाचं काम गोव्यात झालं. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या गटानं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून हीच पद्धत राबवली. सहा ते आठ भेटी. २०१७ साली निकाल छापले गेले: तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत ३९ टक्के. आपल्याकडे २०१५पासून शेतकऱ्यांना मानसिक आधार देणारा सरकारी ‘प्रेरणा प्रकल्प’ मराठवाड्याच्या आठही आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सुरू झाला.

पद्धतीला वही-पेन पुरतं. पानावर सात वारांचे सात रकाने, त्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही. जे केलं ते लिहायचं आणि प्रत्येकापुढे शून्य ते दहात दोन गुण द्यायचे: किती बरं वाटलं, आणि हातून काही झालं असं किती वाटलं. दुसऱ्या आठवड्यात सुटलेल्यांपैकी दोनच कामं परत घ्यायची, वेळ-जागा ठरवून. ‘शेताकडं जाईन’ हे चालत नाही. ‘मंगळवारी सकाळी सातला आखाड्यावर, बैलांना कडबा टाकायचा, दहा मिनिटं’ हे चालतं. शेजाऱ्याला सांगून ठेवलं तर आणखी बरं. तो वाट बघतो, म्हणून पाऊल उचललं जातं.

बिघडतं ते बहुधा पहिल्याच कामात. पहिल्याच दिवशी एकरभर खुरपणी ठरवली जाते, ती होत नाही, आणि ‘माझ्यानं काही होत नाही’ याला पुरावा मिळतो. दुसरी चूक म्हणजे उभारी येण्याची वाट बघणं. ती कामानंतर येते, तीही उशिरा; पहिले काही दिवस गुण दोन-तीनच पडतात, म्हणून तुलना दिवसाची नको, आठवड्याची करा. मोबाइल आणि तंबाखू यांत वेळ जातो, पण टाळलेलं काम तिथंच राहतं.

कर्ज या वहीनं फिटत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण बँकेत जाणं हेही टाळलेलं कामच असतं. त्याचे तुकडे पाडता येतात: सोमवारी पासबुक आणि सातबारा एका पिशवीत, बुधवारी कुणाला तरी सोबत घेऊन शाखेत.

दोन आठवडे उलटूनही झोप, भूक परतली नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. मरणाची भाषा तोंडी आली तर त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध त्याच दिवशी कुलपात टाका आणि १४४१६ लावा. २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा, मोफत आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.