टू-स्ट्रोकचं हेड कापण्याआधी एवढं वाचा
(यामाहा आरएक्स १०० आणि टू-स्ट्रोक एटीव्ही, म्हणजे शेतात-कच्च्या रस्त्यावर चालणारी चारचाकी गाडी, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"हेड थोडं कापून द्या, पिकअप वाढेल," असं बरेच ग्राहक सांगतात. पिकअप वाढतो, हे खरं आहे. पण हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, लेथवर चढवण्याआधी आम्ही एकच विचारतो: वर्षभर पेट्रोल कोणतं भरणार? कॉम्प्रेशन (पेट्रोल-हवेचं मिश्रण किती दाबायचं) किती ठेवायचं आणि टायमिंग (स्पार्क कधी पाडायचा) कुठे लावायचं, हे त्या उत्तरावर ठरतं.

ऑक्टेनचा आकडा जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये जोर जास्त, असा समज आहे. तो आकडा फक्त एवढंच सांगतो, की दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल आपोआप न पेटता किती टिकतं. न टिकल्यास स्पार्कनंतर जळायचं उरलेलं मिश्रण एकदम भडकतं, तेच नॉकिंग. कंपनी फिटिंगच्या गाडीत १०० ऑक्टेन भरून विशेष काही मिळत नाही.

आता हेडचा हिशोब पाहा. आरएक्स १०० चा बोर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) ५०, म्हणजे ९८ सीसी. हेडमधली जागा १० सीसी धरली तर कॉम्प्रेशन १०.८ ला १ येतं. हेड अर्धा मिलिमीटर कापलं की साधारण १ सीसी जागा जाते आणि आकडा ११.९ वर पोचतो. फक्त अर्ध्या मिलिमीटरने! मॅन्युअलमध्ये साडेसहा-सातचा आकडा दिसला तर गोंधळू नका. जपानी कंपन्या एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) बंद झाल्यानंतरचं कॉम्प्रेशन मोजतात, म्हणून तो लहान दिसतो. या दोन आकड्यांची सरमिसळ करून कापलेली हेडं आमच्याकडे दुरुस्तीला येतात. ती बहुतेक वेळा फेकावीच लागतात, याचं वाईट वाटतं.

हेड आणि पिस्टनच्या कडेमधलं अंतर आम्ही सोल्डरच्या तारेने तपासतो. प्लगच्या भोकातून तार थेट बोरच्या भिंतीपर्यंत घालायची, इंजिन हाताने फिरवायचं आणि चेपलेलं टोक मायक्रोमीटरने मोजायचं. लहान इंजिनात ते एक मिलिमीटरच्या आसपास हवं.

टायमिंगचं असं, की मिश्रण जळायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचायला दीड-दोन मिलिमीटर बाकी असतानाच स्पार्क पडतो. कॉम्प्रेशन वाढवलं की मिश्रण लवकर जळतं, मग तेवढा ॲडव्हान्स (स्पार्क आधी पाडणं) लागत नाही. हेड कापून वर ॲडव्हान्सही वाढवला, तर पिस्टनवर दुहेरी मार बसतो. उलट टायमिंग फार मागे नेलं तर जळणं लांबतं, सायलेन्सर तापतो आणि गाडी मंद वाटते. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सुरळीत चाललेलं सेटिंग मे महिन्यात, चाळिशीपार उन्हात, डबलसीट तुळजापूरचा घाट चढताना नॉक करू शकतं. म्हणून आम्ही टायमिंग उन्हाळा धरून लावतो.

पंपावर आता सर्रास ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. मानकानुसार त्याचं ऑक्टेन किमान ९५ आहे, ही जमेची बाजू. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. मेन जेट बदलून पाहावाच लागतो. इंजिन थंड राहावं म्हणून पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल जास्त ओतू नका: जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण आणखी लीन होतं. एटीव्ही शेतावर पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, इथेनॉल ओल धरतं.

अमेरिकेतून मागवलेल्या एटीव्हीच्या हेडवर '९३ ऑक्टेन' लिहिलेलं असेल तर सावध राहा. तिकडची मोजणी वेगळी आहे. ते ९३ म्हणजे आपल्याकडचे साधारण ९८. १०० ऑक्टेनचं पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळत नाही. बार्शी-मंगळवेढ्याकडे गाडी नेणार असाल तर पंपावरच्या साध्या पेट्रोलवरच सेटिंग करून घ्या, हा आमचा आग्रह आहे.

टू-स्ट्रोकच्या आवाजात नॉकिंग बहुधा ऐकूच येत नाही, ते प्लगवर दिसतं. पांढऱ्या चिनी मातीवर काळे किंवा चंदेरी बारीक ठिपके दिसले तर ती चंदेरी कणी पिस्टनची आहे. गाडी चालवणं लगेच थांबवा. आमच्याकडे आणताना प्लग घासून साफ करू नका, आहे तसाच आणा. आधी कोणी हेड कापलं असेल किंवा मॅग्नेटची प्लेट (जिच्यावर टायमिंग लागतं) हलवली असेल, तर तेही सांगा.