मार्बल्ड मरलेट आणि त्याच्या अंड्याखालचं मॉस

मार्बल्ड मरलेट हा जेमतेम पाव किलोचा समुद्रपक्षी. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत बुड्या मारून तो छोटे मासे पकडतो. अंडं घालायला मात्र कित्येक किलोमीटर आत, जुन्या रेडवुड आणि डग्लस फरच्या जंगलात जातो. कॅलिफोर्नियात त्याचं झाडावरचं घरटं सापडलं ते थेट १९७४ साली.

हे घरटं तो बांधत नाही. उंचावरच्या जाड, आडव्या फांदीवर बहुतेकदा मॉसचा, म्हणजे शेवाळासारख्या इवल्या वनस्पतीचा, थर साचलेला असतो, त्यातल्या खळग्यात मादी एकच अंडं घालते. ते गेलं तर बहुधा त्या वर्षाची वीणच गेली.

अँटिट्रिकिया कर्टिपेंड्युला हे या फांद्यांवर दाट माजणारं एक मॉस. त्याला अन्नपाणी शोषणारी मुळं नाहीत. धुक्याचं आणि पावसाचं पाणी, क्षार, सगळं इवल्या पानांतूनच आत जातं. कोरडं पडलं की वाढ थांबते, भिजलं की पुन्हा सुरू होते. याच रचनेमुळे हवेतला सल्फर डायऑक्साइड हा प्रदूषक वायूही थेट पेशींत शिरतो. ब्रिटनच्या बऱ्याच भागांतून हे मॉस हटलं, त्यामागे हे मोठं कारण होतं.

दोघांच्या संवर्धन-स्थितीची तुलना करताना जपून राहावं लागतं. मरलेट आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे. या वर्गाचा एक निकष असा: दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, संख्या निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटणं. अमेरिकेत कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमधल्या मरलेटना १९९२पासून कायद्याचं संरक्षण आहे. मॉसच्या बाबतीत 'एक जीव' कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हेच ठरवणं अवघड, म्हणून झाडांवरच्या जातींसाठी अनेकदा एक व्यापलेलं झाड म्हणजे एक एकक धरतात. जगातल्या बहुतेक मॉसचं आययूसीएनकडे मूल्यमापनच झालेलं नाही. नाव यादीत नाही म्हणून धोका नाही, असा अर्थ काढणं चूक आहे.

जंगलतोड झाली की दोघांनाही फटका बसतो, उरलेल्या झाडांवरसुद्धा. मोकळ्या कडेने वारा आणि ऊन आत शिरून मॉस सुकतं; त्याच कडेला अंडी पळवणारे 'स्टेलर्स जे' हे कावळ्याच्या कुळातले पक्षी आणि डोमकावळे वाढतात. पर्यटकांनी सांडलेल्या अन्नानेही ते जमतात, म्हणून अशा जंगलात कचरा आणि उष्टं झाकून ठेवण्याचा नियम कसोशीने पाळायला हवा. नवी रोपं लावून ही भरपाई लवकर होत नाही: आधी फांदी पुरेशी जाड व्हावी लागते, मगच तिच्यावर मॉस साचून अंडं पेलण्याजोगा थर होतो. सजावटीसाठी ओरबाडलेलं मॉसही पुन्हा भरून यायला कित्येक वर्षं घेतं.