ब्लेझर, चौकडी आणि खाकी: प्रेपी पोशाखाची पार्श्वभूमी

नेव्ही ब्लेझर म्हटला की ग्वाल्हेरकरांच्या डोळ्यांसमोर आधी शाळा उभी राहते: खांद्यात पॅड, खिशावर बोधचिन्ह, पितळी बटणे. याला कारण आहे. १८९७ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात सरदारांच्या मुलांसाठी सरदार स्कूल निघाले. १९०८ मध्ये ते किल्ल्यावर गेले. तेच आजचे सिंधिया स्कूल. त्या काळी आपल्याकडच्या अशा शाळांपुढे इंग्लंडच्या पब्लिक स्कूलचा नमुना होता, आणि त्या वाटेने आलेला ब्लेझर गणवेश म्हणूनच आला. म्हणून आजही शिंप्याला ‘ब्लेझर’ एवढेच सांगितले तर तो कडक, पॅड घातलेला कोट शिवतो.

प्रेपी हा त्याच घराण्यातला, पण अमेरिकेत वाढलेला पोशाख. ईशान्य अमेरिकेतल्या प्रेप स्कूलमधून, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या शाळांमधून, येल, प्रिन्स्टन, हार्वर्डला जाणाऱ्या मुलांचे हे रोजचे कपडे. न्यूयॉर्कचे कपड्यांचे दुकान ब्रुक्स ब्रदर्स १८१८ चे, येलच्या न्यू हेवनमधले जे. प्रेस १९०२ चे. त्यांनी रुळवलेल्या ‘सॅक’ कोटाला पुढे डार्ट (आकार देण्यासाठी घेतलेली निमुळती चिमटी) नाही, खांद्यात पॅड जवळजवळ नाही. बटणे तीन, पण लॅपेल, म्हणजे छातीवर उलटलेली कोटाची कड, मधल्या बटणापर्यंत वळत येते. बटण-डाउन कॉलर इंग्लंडच्या पोलो खेळाडूंवरून उचलली. घोडा दौडताना कॉलर तोंडावर येऊ नये म्हणून ते टोके बटणांनी अडकवत. टायच्या पट्ट्यांची दिशासुद्धा अमेरिकनांनी उलटवली. इंग्रजी रेजिमेंटची पट्टी घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून खाली उतरते, अमेरिकी पट्टी उजव्या.

या कपाटातला निम्मा माल मात्र आपल्याकडचा आहे, हे आवर्जून सांगायला हवे. तो पोलोसुद्धा मणिपूरहूनच इंग्लंडला गेला. खाकी रंग १८४० च्या दशकात सरहद्दीवरच्या कोअर ऑफ गाइड्स या ब्रिटिश पलटणीने लष्करात आणला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले अमेरिकी सैनिक सरकारी खर्चाने कॉलेजात शिकायला गेले आणि त्यांच्या खाकी पँटी तिथेच रुळल्या. सीअरसकर या कापडाचे नाव ‘शीर-ओ-शकर’ म्हणजे दूध-साखरेवरून आले. ताण्याचे काही धागे ढिले सोडून विणल्याने कापडावर एक पट्टी गुळगुळीत आणि एक सुरकुतलेली उठते. ते अंगाला चिकटत नाही, हवा खेळती राहते. मद्रासची चौकडी तर नावानेच ओळखू येते. ज्या एलिहू येलचे नाव विद्यापीठाला आहे तो मद्रासचा गव्हर्नर होता, आणि त्याने १७१८ मध्ये दिलेल्या देणगीत कापडही होते. १९५० च्या दशकाअखेर अमेरिकेत या चौकडीचा रंग धुण्यात पसरू लागला तेव्हा तक्रारी झाल्या. मग जाहिरातीत तोच तिचा गुण ठरवला गेला.

पुढे हा पोशाख अमेरिकेत मागे पडला, पण जपानने तो जपला. १९६५ मध्ये छायाचित्रकार तेरुयोशी हायाशिदा यांच्या कॉलेज-आवारातल्या फोटोंचे पुस्तक तिथे निघाले. १९६७ मध्ये राल्फ लॉरेनने टायपासून धंदा सुरू केला. २००० नंतर डिझायनर थॉम ब्राउनने कोट आखूड आणि घट्ट केला, आणि बाजाराने त्यातला फक्त घट्टपणा उचलला. ती चूक होती. ढिलेपणा हा या पोशाखाचा प्राण आहे, आणि आजची चवही पुन्हा त्याच्याकडे वळली आहे.

ग्वाल्हेरात अडचण कापडाची येते. १९४७ मध्ये इथे ग्वाल्हेर रेयॉन उभी राहिली आणि ‘ग्वाल्हेर सुटिंग’ हे नाव घरोघरी गेले. पॉलिएस्टर-व्हिस्कोजची सवय हातांना त्यातूनच लागली. हे कापड टिकाऊ, पण सॅक कोटाला अवघड. बाहीचा घेर बगलेच्या घेरापेक्षा दीड-दोन इंच जास्त ठेवतात. लोकरीत तो जादा भाग वाफेने आटतो आणि खांदा गोल बसतो. पॉलिएस्टर आटत नाही, म्हणून खांद्याशी चुण्या पडतात. तेच कापड घ्यायचे असेल तर जादा घेर इंचाच्या आत ठेवावा. शक्य असेल तर २४०–२६० ग्रॅमची हॉपसॅक विणीची लोकर घ्यावी. वीण मोकळी असते, अर्धे अस्तर लावले की ऑक्टोबर ते मार्च निभावतो. मे महिन्यात कोणताच ब्लेझर घालू नये.

४० छातीला ५८ इंची पन्ह्याचे दोन मीटर पुरते. तयार कोटाची छाती ४४ ते ४५ ठेवावी. घट्ट कोटात ती ४२ वर आणतात, आणि बटण लावल्यावर पोटावर इंग्रजी एक्ससारखी घडी पडते. डार्ट नुसता काढून टाकून चालत नाही. मूळ आखणीच बदलून आकार बगलेखालच्या शिवणीतून घ्यावा लागतो, नाहीतर पुढचा भाग लोंबतो. बटणे गडद शिंगाची, खिसे वरून शिवलेले, बोधचिन्ह नको. एवढ्याने गणवेशाची कळा जाते.

ऑक्सफर्ड शर्टचे (बटण-डाउन कॉलरच्या सुती शर्टचे) कापड कापण्याआधी रात्रभर भिजवावे. ४ टक्के आटले तरी १६ इंची गळा अर्ध्या इंचाहून जास्त आवळतो. कॉलरमध्ये चिकट फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवायचे अस्तर) नको: कापड आणि फ्यूजिंग वेगवेगळे आटतात, गोंद सुटतो, फुगे येतात. मऊ सुती अस्तर आधी भिजवून घालावे. कॉलरचे टोक साडेआठ सेंटिमीटर असावे. कॉलर सपाट पाडल्यावर काज जिथे पडते त्याच्या सुमारे एक सेंटिमीटर वर बटण लावावे. त्यातून उरलेल्या कापडाचा जो बाक येतो, तीच या कॉलरची शान.

खाकी पँटीचे आसन, म्हणजे कमरपट्टीपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची, ११ इंच, म्हणजे ती कमरेवर बसते, कुल्ह्यावर नाही. बॉटम, म्हणजे पायाशी घेर, १६ ते १७ इंच. पुढे एक चुणी चालेल. आपल्याकडे १३–१४ बॉटमची सवय झाली आहे. लोफरवर तेवढी अरुंद पँट घातली की पाय फार मोठे दिसतात.

चौकडीच्या शर्टला नेहमीपेक्षा पाव मीटर कापड जास्त घ्यावे, म्हणजे खिसा आणि बटणपट्टीवर रेघा जुळतात. दुकानातच कापडाचा कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहावा. रंग लागला तर ते कापड पहिले काही धुणे गार पाण्यात एकटेच धुवावे आणि सावलीत वाळवावे. चंदेरी जवळच विणली जाते म्हणून तिचा शर्ट शिवायचा मोह होतो. पण कापड नाजूक असते, खांद्याच्या आणि बगलेच्या शिवणी ओढल्या जाऊन धागे सरकतात. तिचा ब्लेझरच्या खिशातला रुमाल करावा, कडा हाताने वळवून.