गंधक खाणारे आणि गंधकाचा श्वास घेणारे

रस्ता खोदून बाहेर काढलेला जुना ड्रेनेजचा सिमेंटचा पाइप दिसला, तर थांबून आत डोकावून बघा. तळ बहुतेक वेळा शाबूत असतो, बुळबुळीत पण घट्ट. वरची कमान मात्र पार खाल्लेली. बोटाने खरवडली तरी ओल्या खडूसारखा पांढरट भुगा पडतो, कुठे आतली सळई उघडी पडून गंजलेली. घाण पाणी वाहतं तळाशी आणि झिजतं छप्पर! घाणीनेच सिमेंट खाल्लं म्हणावं, तर जिथे घाण पोचतच नाही तिथेच का?

याचं उत्तर एका वाक्यात दिलं जातं: "गंधकाच्या जीवाणूंमुळे." उत्तर चूक नाही, पण त्यानेच गोंधळ सुरू होतो. कारण त्या पाइपात गंधकावर जगणारे दोन अगदी वेगळे जीवाणू-गट आहेत. दोघांची कामं एकमेकांच्या उलट आहेत आणि राहायच्या जागाही वेगळ्या. तरी पुस्तकात ते शेजारी-शेजारी येतात, नावं जिभेला वळत नाहीत, आणि परीक्षा संपली की दोघांची सरमिसळ होते. एकाचं नाव सल्फेट क्षपणक जीवाणू, दुसऱ्याचं गंधक ऑक्सिडीकारक जीवाणू. ही नावं पाठ करण्यापेक्षा एवढं धरून ठेवा: पहिले गंधकाचा श्वास घेतात, दुसरे गंधक खातात.

श्वास घेणं आणि खाणं यांत फरक काय? आपण भाकरी खातो. भाकरीतल्या पिठूळ पदार्थांतून शरीर इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि त्या प्रवासात ऊर्जा मिळवतं. पण शेवटी ते इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी पदरात टाकावे लागतात. आपण ते प्राणवायूच्या पदरात टाकतो आणि पाणी तयार होतं. म्हणजे भाकरी हा देणारा, प्राणवायू हा घेणारा. कुठल्याही जीवाचा संसार चालायला हे दोघे लागतात.

गाळात, पाण्याखाली, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे घेणारा कुणी दुसरा शोधावा लागतो. श्वासवाल्या जीवाणूंनी सल्फेट शोधलं. सल्फेट म्हणजे गंधकाचा एक अणू आणि त्याला धरून बसलेले ऑक्सिजनचे चार. इतर जीवाणूंनी अर्धवट आंबवून टाकलेलं उष्टं, म्हणजे लॅक्टेट, अ‍ॅसिटेट, हायड्रोजन, हे त्यांचं जेवण. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन ते सल्फेटला देतात, एका सल्फेटला आठ. आपल्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते, यांच्या श्वासातून हायड्रोजन सल्फाइड. गटाराचा तो सुप्रसिद्ध वास म्हणजे यांचा उच्छ्वास. या व्यवहारात ऊर्जा फार थोडी सुटते, प्राणवायू वापरणाऱ्यांच्या तुलनेत कोंड्याचा मांडाच. पण स्पर्धक नाहीत, म्हणून चालतं.

खाणाऱ्यांचं बरोबर उलट. त्यांना हायड्रोजन सल्फाइड ही भाकरी. काही जण नुसत्या मूलद्रव्यरूपी पिवळ्या गंधकावरही जगतात. त्यातून इलेक्ट्रॉन काढून ते बहुधा प्राणवायूला देतात, आणि शेवटी उरतं सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे पुन्हा सल्फेटच. शरीर बांधायला लागणारा कार्बन यांच्यातले बरेचसे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात, झाडांसारखा, फक्त उन्हाऐवजी गंधकाच्या जोरावर.

मग या दोघांत वास कोण करतं? फक्त पहिले. दुसरे तो वास गिळतात. आम्ल कोण करतं? दुसरे. गाळ काळा पडतो तो पहिल्यांमुळे, कारण त्यांचं सल्फाइड गाळातल्या लोहाशी मिळून काळं लोह सल्फाइड होतं. आणि साचलेल्या काळ्या गाळावर कधी कोळिष्टकासारखा पांढरा पापुद्रा दिसतो, तो दुसऱ्यांचा असू शकतो. बेजियाटोआ नावाच्या जीवाणूचे ते धागे. पोटात गंधकाचे कण साठवलेले असतात, म्हणून ते पांढरे दिसतात.

या बेजियाटोआनेच १८८७ साली सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाला चकवलं नाही, तर शहाणं केलं. तो तेव्हा स्ट्रासबर्गला काम करत होता. सल्फाइड दिलं की धाग्यांत गंधकाचे कण भरतात, सल्फाइड थांबवलं की ते कण नाहीसे होतात आणि आम्ल तयार होतं, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. निष्कर्ष काढला की हा जीव दगडधोंड्यांच्या जातीचं, निरिंद्रिय अन्न जाळून जगतो. अशी जीवनपद्धती असू शकते हे तोवर कुणाच्या गावीही नव्हतं. आठ वर्षांनी, १८९५ मध्ये, हॉलंडमधल्या डेल्फ्टला मार्टिनस बायेरिंक यांनी दुसरी बाजू पकडली: सल्फेटचं सल्फाइड करणारा जीवाणू वेगळा काढला. गंधकचक्राचे दोन्ही अर्धे सापडले ते असे दोन गावांत, दोन माणसांना. गंमत अशी की खाणारे आधी सापडले आणि त्यांना वाढून देणारे नंतर.

आता पाइपाकडे परत. तळाच्या बुळबुळीत थरात प्राणवायू नाही, सांडपाण्यात सल्फेट आहे, उष्टं तर वाहतंच आहे. तिथे श्वासवाल्यांची वसाहत. त्यांचं हायड्रोजन सल्फाइड पाण्यातून निसटून वरच्या मोकळ्या पोकळीत येतं, आणि पाणी जिथे खळाळतं किंवा उंचावरून पडतं तिथे जास्त येतं. कमानीवर ओल असते, हवा असते, आणि आता जेवणही आलं. पण नव्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२ ते १३, इतक्या अल्कलीत खाणाऱ्यांना टिकता येत नाही. आधी हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि खुद्द सल्फाइड मिळून पृष्ठभाग नऊच्या आसपास आणतात. मग कमी आम्ल सोसणाऱ्या जाती बसतात, त्या जागा आणखी आंबट करतात आणि पुढच्या जातीला वाट करून देतात. सरतेशेवटी येतो अ‍ॅसिडिथायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स. तो सामू एक-दोनवरही खुशाल असतो. त्याच्या आम्लाने सिमेंटमधला चुना जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, होतो. तोच तो ओल्या खडूसारखा भुगा. १९४५ साली मेलबर्नच्या गटारांत सी. डी. पार्कर यांनी या भुग्यातून जीवाणू वेगळे केले आणि हे जैविक प्रकरण आहे हे दाखवलं.

म्हणून पाइप खाणारा वर बसतो आणि त्याला पोसणारा खाली. नुसत्या कमानीवर मुलामा देऊन भागत नाही ते याचमुळे. तळाशी प्राणवायू किंवा नायट्रेट सोडायचं, म्हणजे ते वापरणारे इतर जीवाणू वरचढ होतात आणि सल्फाइड कमी साचतं, हा दुसरा उपाय. नायट्रेट हाही चांगला 'घेणारा', सल्फेटपेक्षा कितीतरी फायद्याचा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हायड्रोजन सल्फाइड अगदी अत्यल्प असताना नाकाला कळतो, पण हवेतलं प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाक मुकं होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं वाटतं. त्याच्या पाच-दहा पट झालं की माणूस जागच्या जागी कोसळतो. चेंबरमध्ये एक उतरला, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, ही बातमी आपण किती वेळा वाचली असेल! तळाचा साचलेला गाळ पायाने ढवळला की त्यात कोंडलेला वायू एकदम सुटतो. माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ चा कायदा आहे, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. बातम्या मात्र थांबलेल्या नाहीत.

हवा जरा मोकळी करू या. ओहोटीला खाडीकाठी उभं राहिलं की तोच वास येतो, पण गावच्या गोड्या तळ्याचा गाळ काठीने ढवळला तर तेवढा येत नाही, नुसते बुडबुडे येतात. का? दोन्हीकडे कुजणारा पालापाचोळा आहे, दोन्हीकडे प्राणवायू नाही. फरक सल्फेटचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, गोड्या पाण्यात त्यामानाने नगण्य. तळ्यात सल्फेट लवकर संपतं, मग मिथेन करणारे सूक्ष्मजीव ताबा घेतात आणि मिथेनला वास नसतो. खाडीत सल्फेट भरतीबरोबर रोज नव्याने येतं, म्हणून तिथे राज्य श्वासवाल्यांचं. तिवराची चिखलातून वर आलेली बोटांसारखी मुळं आठवा. ती हवा खाली नेतात आणि मुळांतून थोडा प्राणवायू चिखलात झिरपतो. काळ्या चिखलात मुळाभोवती तांबूस कडा दिसते ती त्यामुळेच. काळा भाग श्वासवाल्यांचा, तांबड्या कडेला खाणाऱ्यांना संधी. मिलिमीटरभराची सीमा.

शेतकऱ्यांचा संबंध बहुतेक करून खाणाऱ्यांशी येतो, आणि ते खरोखर कामाचे असतात. कांदा, लसूण, सोयाबीन, भुईमूग यांना गंधक लागतं, पण मुळांना पिवळं गंधक शोषता येत नाही, त्यांना हवं सल्फेट. दाणेदार गंधक टाकलं आणि आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून कंपनीला शिव्या घालणारे भेटतात. ते गंधक आधी जीवाणूंनी खायला हवं, त्याला ओल, ऊब, हवा आणि काही आठवडे लागतात. दाणा जितका बारीक तितकं लवकर. वाफा तुंबलेला ठेवला तर हवा नाही, आणि हवा नाही तर खाणारेही थंड. (द्राक्षावर भुरीसाठी फवारतात ते गंधक वेगळ्या कामाचं, ते बुरशीला थेट मारतं. त्याला या जीवाणूंची वाट बघावी लागत नाही.)

चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेली, जमीन सुधारताना हाच हिशोब. तो सोडियम हटवायला कॅल्शियम लागतो. जिप्सम टाकलं तर कॅल्शियम लगेच मिळतो. गंधक टाकलं तर जीवाणू त्याचं आम्ल करणार, आम्ल जमिनीतली चुनखडी विरघळवणार आणि जिप्सम जागेवरच तयार होणार. एक किलो गंधकाचं पुरतं ऑक्सिडीकरण झालं तर तीन किलो आम्ल आणि त्यातून सव्वापाच किलोहून जास्त जिप्समचं काम. पण जमिनीत चुनखडी हवीच. नसेल तर नुसतं आम्ल होतं. हा अ‍ॅसिडिथायोबॅसिलस वेगळा काढला तोही शेतीच्याच निमित्ताने: १९२२ साली अमेरिकेत वॅक्समन आणि जोफे यांनी, जमिनीत गंधकाचं आम्ल कोण करतं ते शोधताना. तेच वॅक्समन, ज्यांना पुढे स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकासाठी नोबेल मिळालं.

वास आला की 'सल्फेटवाले आहेत' असंही नसतं. सडक्या अंड्याचा वास तोच वायू असला तरी तो अंड्यातल्या प्रथिनांमधल्या गंधकाचा, ती प्रथिनं फोडणाऱ्या साध्या कुजवणाऱ्या जीवाणूंनी सोडलेला. तिथे सल्फेटचा श्वास कुणी घेत नाही. गावोगावी पाणी तपासायला जी एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) ची बाटली वापरतात, पाणी भरून ठेवलं आणि २४ ते ४८ तासांत काळं झालं तर पिण्यालायक नाही, तिचंही असंच. भारतीय संशोधकांनी १९८२ साली सुचवलेली ही तपासणी. बाटलीत थायोसल्फेट (गंधकाचं एक संयुग) आणि लोहाचा क्षार असतो, आणि काळं करतात ते आतड्यातले काही जीवाणू. खाडीतला काळा रंग आणि बाटलीतला काळा रंग एकच, करणारे निराळे.

आता मी आखलेल्या रेषेवरच बोट ठेवतो. खाणारे सगळे प्राणवायूवरच चालतात असं नाही. हिरवे आणि जांभळे गंधक-जीवाणू सल्फाइड खातात, पण उन्हाच्या जोरावर. बघायचे असतील तर काचेच्या बरणीत खाडीचा गाळ, वर्तमानपत्राचे कपटे, थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि उकडलेल्या अंड्याचा बलक घालून वर खाडीचंच पाणी भरा, झाकण सैल लावा आणि खिडकीत ठेवा. दीड-दोन महिन्यांत तळ काळा पडतो, त्यावर हिरवे-जांभळे पट्टे येऊ लागतात. विनोग्राडस्कीचीच ही युक्ती. घरच्यांना आधी विचारा, नंतर भांडणं नकोत.

आणि मग आहेत केबल जीवाणू, २०१२ साली डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या गटाने समोर आणलेले. हजारो पेशी एकापुढे एक जोडलेल्या, सेंटिमीटरभर लांब धागा, समुद्रतळाच्या गाळात उभा. खालच्या टोकाच्या पेशी सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन काढतात, ते धाग्यातून वर जातात, आणि वरच्या टोकाच्या पेशी ते प्राणवायूला देतात. खाणं अंधारात, श्वास उजेडाच्या बाजूला, मध्ये वीजेची तार. धंदा स्वच्छ खाणाऱ्यांचा. पण वंशावळ काढली तेव्हा हे निघाले डेसल्फोबल्बेसी कुळातले, म्हणजे खानदानी सल्फेट-श्वासवाल्यांच्या घरचे.